आंबा बागेच्या नोंदी मोबाईलच्या नोट्स अ‍ॅपमध्ये ठेवतो. वह्यांना नावं कशी द्यावीत?

नाव ठेवताना ‘मे महिन्यात घाईत असताना मी हे काय म्हणून शोधेन?’ एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. ‘महत्त्वाचं’, ‘इतर’, ‘नवीन वही’ ही नावं आजच काढून टाका. त्यात गेलेली नोंद परत हाती लागत नाही.

आमची कलमं रत्नागिरीजवळ आहेत. आधी मी वर्षावार वह्या केल्या आणि फसलो. मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, पेट्या भरतात एप्रिल-मेमध्ये. एकाच पिकाची फवारणी एका वहीत आणि विक्री दुसरीत. आता नाव हंगामाचं: ‘२०२४-२५ हापूस फवारणी’, ‘२०२४-२५ हापूस पेट्या’. वर्ष पुढे असल्यामुळे नावाप्रमाणे लावलं की हंगाम आपोआप ओळीने येतात. वहीतल्या नोंदीलाही तारीख उलटीच द्या, २०२५-०२-०९ अशी. महिन्याआधीचं शून्य गाळू नका, नाहीतर बऱ्याच अ‍ॅपमध्ये १० हा २ च्या आधी बसतो.

मराठीत नावं देताना एक गोष्ट फार जपा: शब्द एकाच पद्धतीने लिहा. माझ्याकडे ‘मोहर’ आणि ‘मोहोर’ अशा दोन वह्या झाल्या होत्या. एक शोधली की दुसरी दिसायचीच नाही, आणि तुडतुडे या किडीवर कोणतं औषध कधी मारलं ते नेमकं दुसरीत! आकड्यांचंही तसंच. देवनागरी तर सगळीकडे देवनागरी, कारण कळफलक बदलला की अ‍ॅपला तो वेगळाच आकडा वाटू शकतो.

वह्या थोड्याच ठेवा. मला पाच पुरतात.