२२ दिवसांचा खाडा आणि २० तासांचा विषय

“मॅडम, कावीळ झाली म्हणून २२ दिवस गावाकडं होते. डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलंय. तरी वर्गात सांगितलं की हजेरी कमी आहे, डिटेन करू. माझं वर्ष बुडतंय का?”

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरमधल्या एका मुलीचा हा प्रश्न. गाव बीड जिल्ह्यातलं, कॉलेज मराठवाड्यातल्याच शेजारच्या जिल्ह्यात, राहायला वसतिगृह. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण प्रश्न नेहमीचाच आहे. कुणाला डेंग्यू होतो, कुणाच्या घरी मयत होते, आणि परत आल्यावर पहिली भीती हजेरीची असते, आणि हजेरीवरून डिटेन होण्याची, म्हणजे परीक्षेला बसू न देण्याची.

या मुलीची भीती जरा जास्त खोल होती. आई-वडील ऊसतोडीला जातात. तिथं खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि “आजारी होतो” म्हणून सांगितलं तरी ते पैसे परत मिळत नाहीत. लहानपणापासून हेच पाहिलेली मुलगी अंगात ताप असताना तीन दिवस वॉर्डात ड्युटी करत राहिली. डोळे पिवळे दिसले तेव्हा वॉर्डच्या सिस्टरनीच तिला ओपीडीत पाठवलं. तपासणीत हिपॅटायटिस ए निघाला. हा आजार दूषित पाण्या-अन्नातून होतो, आणि डोळे पिवळे होण्याआधीचे सुमारे दोन आठवडे व नंतरचा साधारण एक आठवडा रुग्णाकडून इतरांना लागू शकतो. म्हणजे हजेरी वाचवायला ती ज्या तीन दिवशी वॉर्डात गेली, ते दिवस रुग्णांसाठी आणि खोलीतल्या मैत्रिणींसाठी सगळ्यात धोक्याचे होते. नर्सिंगच्या विद्यार्थ्याने ताप, पुरळ, जुलाब, कावीळ लपवून ड्युटी करू नये. त्याच दिवशी ट्यूटरला (वॉर्डातल्या कामावर देखरेख करणाऱ्या शिक्षिकेला) सांगावं आणि जमलं तर दोन ओळी लिहूनही द्याव्यात.

आता हजेरी. जवळपास प्रत्येकाचा समज असतो की मेडिकल सर्टिफिकेट दिलं की ते दिवस भरले. तसं होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) २०२१ च्या सुधारित नियमांनुसार परीक्षेला बसायला प्रत्येक विषयाच्या थिअरीत किमान ८० टक्के हजेरी लागते, गैरहजेरीचं कारण कोणतंही असो. सर्टिफिकेटमुळे तुम्ही का आला नाहीत ते कळतं आणि शिस्तभंगाचा प्रश्न उरत नाही. पण चुकलेला तास रजिस्टरात चुकलेलाच राहतो. उरलेली २० टक्के सूट आजारपणासाठीच आहे असं धरून चालावं. ती सूट कॉलेजच्या पहिल्या महिन्यात गावाकडच्या फेऱ्यांवर उडवली, तर पुढं कावीळ झाल्यावर हाताशी काही राहत नाही.

क्लिनिकलचा, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष ड्युटीचा, हिशेब वेगळा. तिथं प्रत्येक विभागात १०० टक्के हजेरी हवी, पण ही अट पदवी मिळण्याआधी पूर्ण करायची असते. थिअरीची अट परीक्षेच्या दारातच आडवी येते. हे दोन हिशेब एकत्र केले की मुलं नको तिथं जीव काढतात आणि हवं तिथं उशीर करतात. या मुलीनेही तेच केलं.

समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीत कोरा कागद घेऊन तास मांडले. २२ दिवसांतले तीन रविवार वजा करता कामाचे १९ दिवस. सहा दिवसांचा आठवडा ४० तासांचा, म्हणजे जवळपास १२६ तास गेले. त्यातले ८४ तास सर्जिकल वॉर्डातले (१२ ड्युट्या, प्रत्येकी ७ तास), ८ तास लॅबचे आणि ३४ तास थिअरीचे.

तिला चिंता होती अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगची, कारण तिथं सगळ्यात जास्त, १८ तास बुडाले होते. पण त्या विषयाची थिअरी १४० तासांची आहे. २८ तास चुकले तरी ८० टक्के राहतात, म्हणजे तिथं काही अडचणच नव्हती. मायक्रोबायोलॉजी ४० तासांची. सूट ८ तासांची, गेले ७. पुढं एकच तास हातात. पॅथॉलॉजीचा पहिला भाग २० तासांचा. सूट ४, गेले ३. आणि फार्माकॉलॉजीचा (औषधांच्या अभ्यासाचा) पहिला भागही २० तासांचाच. सूट ४, गेले ६. शिकवायला बाहेरून येणारे शिक्षक आठवड्यात एकदाच येत आणि सलग दोन तास घेत. तीन आठवडे चुकले की सहा तास गेले. उरलेला प्रत्येक तास बसली असती तरी २० पैकी १४, म्हणजे ७० टक्केच झाले असते. “इथून पुढं एकही लेक्चर चुकवणार नाही” या निश्चयाने हा आकडा हलत नाही. मोठ्या विषयाकडं सगळ्यांचं लक्ष असतं, पण डिटेन होण्याचा धोका या २० तासांच्या छोट्या विषयांत जास्त असतो.

नियम हजेरी विषयवार मोजतो. फार्माकॉलॉजीत दोन तास कमी पडले म्हणून सगळं सेमिस्टर गेलं, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय या विषयाची विद्यापीठ परीक्षा दुसऱ्या भागासोबत चौथ्या सेमिस्टरला असते. तिसऱ्यात फक्त इंटर्नल, म्हणजे कॉलेजचं अंतर्गत मूल्यमापन, होतं. वर्गात कुणीतरी मोघम “डिटेन” म्हटलं आणि मुलगी आठ दिवस जेवली नाही. असा शब्द कानावर आला की घाबरण्याआधी विचारायचं: कोणत्या विषयात, किती तास झाले, माझे किती? वर्ग समन्वयकांकडं हे आकडे असतात.

एखादा विषय खरंच राहिला तरी पुढच्या सेमिस्टरच्या वर्गात बसता येतं. मात्र पाचव्या सेमिस्टरची परीक्षा देण्याआधी मागचं सगळं सुटलेलं असावं लागतं, सातव्याआधीही तसंच. अभ्यासक्रम पूर्ण करायला जास्तीत जास्त आठ वर्षं मिळतात. म्हणजे वेळ आहे. फक्त चौथ्या सेमिस्टरपर्यंत विषय साठवत नेले की पाचव्याला सगळे एकदम गळ्यात येतात.

दोन तासांचं काय झालं? दिवाळीमुळं आणखी चार मुलींचे तास कमी पडले होते. पाचींनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला की चुकलेल्या भागाचा दोन तासांचा जादा वर्ग घ्यावा, आणि तो हजेरीत धरता येतो का ते विद्यापीठाच्या चालू परिपत्रकानुसार लेखी कळवावं. मंजुरी आली, शिक्षकांनी मधुमेहावरची औषधं आणि इन्सुलिन हा भाग घेतला. नोंद वेगळ्या पानावर झाली: तारीख, वेळ, विषय, शिक्षकांची आणि मुलींची सही. जुन्या रजिस्टरातल्या “गैरहजर”ला हात लावला नाही, लावूही नये. प्रत्येक ठिकाणी अशी मंजुरी मिळेलच असं नाही. म्हणूनच अर्ज कॉलेजात परतल्याच्या आठवड्यात द्यायचा. इंटर्नलच्या यादीवर सह्या झाल्यावर प्राचार्यांच्या हातातही फारसं उरत नाही.

अर्ज लांबलचक नको. “मी दि. … ते दि. … आजारी होते. रिपोर्ट, केस पेपर व फिटनेस सर्टिफिकेट जोडले आहे. माझे विषयवार बुडालेले तास खालीलप्रमाणे आहेत. ते भरून काढण्याची संधी मिळावी.” खाली तासांचा तक्ता. दोन प्रती काढायच्या; एक कार्यालयात देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. तोंडी विनंतीची नोंद कुठंच राहत नाही.

कागदांत एक अडचण निघाली. ओपीडीतून ती गावी आजीकडं गेली. तिथं पहिले आठ दिवस कावीळ उतरवायची माळ आणि झाडपाला चालला, आणि मग तालुक्याला डॉक्टर. त्यामुळं त्या आठ दिवसांचा कागद नव्हता. कुणीतरी मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणून देतो म्हणाला. ते घेऊ नको, असं तिला स्पष्ट सांगितलं. खोटा कागद सापडला तर दोन तासांच्या प्रश्नाची चौकशी होऊन बसते. ओपीडीचा केस पेपर आणि बिलिरुबिनचा (काविळीच्या रक्ततपासणीचा) तारखेसह रिपोर्ट होताच. मधल्या दिवसांसाठी तिने जे घडलं ते तसंच लिहून दिलं, आणि ते स्वीकारलं गेलं.

पालकांना घेऊन ये, असाही निरोप होता. आई-वडील दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात. ते आले असते तर दोघांचा खाडा. प्राचार्यांना परिस्थिती सांगितल्यावर त्यांनी संध्याकाळी फोनवर वडिलांशी बोलून तशी नोंद केली. अशी विनंती करायला मुली लाजतात, पण बहुतेक ठिकाणी ती ऐकली जाते.

राहिले क्लिनिकलचे ८४ तास. इथं तिची एक चूक होऊन गेली होती. ओळखीच्या सिस्टरकडं जाऊन तिने कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) चार जादा ड्युट्या केल्या, त्याही आजारातून उठल्या-उठल्या. एकही धरली गेली नाही: पोस्टिंगचा आदेश नाही, ट्यूटरची सही नाही आणि विभागही चुकीचा. सर्जिकलचे तास सर्जिकलमध्येच भरावे लागतात. नव्या आखणीत परीक्षेआधी फक्त इंटर्नलला लागणारं काम ठेवलं: राहिलेला केअर प्लॅन, केस प्रेझेंटेशन आणि लॅबचे ८ तास. बारा ड्युट्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत, आठवड्याला सहा, डबल ड्युटी नाही, रविवार मोकळा. काविळीनंतर थकवा कित्येक आठवडे राहतो, आणि थकलेल्या हाताने औषध द्यायला नको. प्रत्येक ड्युटी संपताच लॉगबुकवर त्याच दिवशी सही घ्यायची. ट्यूटर बदलले की मागच्या सह्यांसाठी महिना-महिना फिरावं लागतं.

आता तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर विषयवार रकाने आहेत: एकूण तास, सूट, गेलेले. मायक्रोबायोलॉजीपुढं शिल्लक १ असं लिहिलेलं होतं, आणि परीक्षेपर्यंत ते तसंच राहिलं.