कळंगुटच्या हॉटेलात नोकरीला आहे. इंग्रजीतला 'वाईन' आणि 'व्हाईन' यांचा उच्चार वेगळा कसा करायचा?

फरक दातांचा आहे: 'व्हाईन' म्हणजे वेल, ते म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वाईन'ला टेकतच नाहीत, शीळ घालताना होतात तसे ओठ गोल होतात. आपला मराठी 'व' साधारण या दोहोंच्या मधला, म्हणून ब्रिटिश पाहुणे कधीकधी गोंधळतात. म्हापशात स्पोकन इंग्लिश शिकवताना मी मुलांना आधी नुसतं 'ऊ' म्हणायला लावतो आणि तिथून सरकवतो: ऊ-ऑटर, वॉटर. आरशात दात ओठाला लागलेले दिसले, की पुन्हा पहिल्यापासून. 'सी व्ह्यू रूम'मधल्या 'व्ह्यू'ला मात्र दात हवेतच. फक्त एक सांभाळा, 'व्ह' ही आपली लिहिण्याची सोय आहे, त्यातला 'ह' उच्चारायचा नाही.