ग्राहकांचे प्रश्न : परदेशातून मागवलेली वस्तू वाटेत फुटली तर

यंदा अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांनी परदेशातून आलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयी प्रश्न पाठवले आहेत. काही वस्तू वाटेत फुटल्या, काही हरवल्या. त्यांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न : परदेशी संकेतस्थळावरून लॅपटॉप मागवला, पैसे क्रेडिट कार्डाने भरले. खोक्याचा कोपरा चेपला होता, पण सही केल्याशिवाय पार्सल देणार नाही असं कुरिअरचा मुलगा म्हणाला. उघडलं तर पडदा तडकलेला. विक्रेता म्हणतो कुरिअरला विचारा. कुरिअर म्हणतो तक्रार पाठवणाऱ्यानेच करायची. कोणाच्या दारात जायचं? (चिपळूण)

आधी विक्रेत्याच्या. वाहतुकीचे पैसे तुम्ही विक्रेत्याला दिलेत आणि कुरिअरशी करार त्याने केला. म्हणून कुरिअरचं म्हणणं त्याच्या कागदापुरतं खरं आहे. विक्रेत्याने मात्र तुम्हाला धड वस्तू पोचवायचं कबूल केलं होतं, त्याने हात झटकणं चूक आहे. तरी लेखी तक्रार दोघांनाही एकाच दिवशी पाठवा. हवाई मालासाठी मॉन्ट्रियल करार हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो, भारतात तो विमान वाहतूक अधिनियम १९७२ मार्फत लागू आहे. त्यानुसार मोडतोडीची तक्रार माल हाती आल्यापासून १४ दिवसांत आणि लेखीच व्हावी लागते. ते १४ दिवस टळले की वाहतूकदारावरचा दावा संपतो. कस्टमर केअरला दहा वेळा फोन केला तरी ती लेखी तक्रार होत नाही, आणि सर्वाधिक दावे इथेच बुडतात. ईमेल करा, त्यात एअर वेबिल (हवाई मालाची पावती) क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि वेळ, नुकसान आणि मागणी लिहा.

पुरावा म्हणून खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, पत्ता आणि वजन छापलेलं लेबल, आतलं थर्माकोल किंवा फोम आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबरासोबत घ्या. खोका आणि थर्माकोल जपून ठेवा. ‘पॅकिंग अपुरं होतं’ हे कुरिअर आणि विमा कंपनी या दोघांचंही ठरलेलं उत्तर असतं आणि त्याला तोंड द्यायला ते पॅकिंगच लागतं. पुढच्या वेळी सही करताना ‘खोका चेपलेला, आत न पाहता घेतला’ असं पावतीवर लिहा. सही मोबाइलवर घेत असतील तर लिहायला जागा नसते, मग खोका त्यांच्या हातात असतानाच फोटो काढा आणि दहा मिनिटांत मेल करा. फोटोबरोबर वेळ नोंदली जाते, ती उपयोगी पडते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्या. तालुक्याच्या शाखेत माल पत्र्याखाली चार दिवस पडून राहतो. खोका ओला असेल तर वस्तू चालू करून बघू नका. ओल असताना वीज दिली की बोर्डावर शॉर्ट होतो, आणि मग ‘तुम्हीच बिघडवलं’ म्हणायला त्यांना वाट मिळते. पुष्कळ उपकरणांत, फोनमध्ये बहुधा सिमच्या खाचेत, पाणी लागलं की लाल होणारी पट्टी असते. तिचाही फोटो घ्या. पार्सल आठवडाभर न उघडता ठेवलं तर आपल्या खाऱ्या दमट हवेने धरलेला गंज आणि वाटेत लागलेलं पाणी यांत फरक दाखवता येत नाही.

आता पैशांविषयी. वाहतूकदाराकडून पूर्ण किंमत मिळेल अशी आशा धरू नका. मॉन्ट्रियल करारातली मालाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, साधारण सव्वा ते दीड डॉलर. दोन किलोच्या लॅपटॉपला ५२ एसडीआर, म्हणजे जेमतेम पंच्याहत्तर डॉलर. पाठवताना किंमत खास जाहीर करून जादा पैसे भरले असतील तरच ही मर्यादा वाढते. कुरिअरच्या पावतीवरच्या मर्यादेलाही बळ आहे : भारती निटिंग खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पाठवणाऱ्याने सही केलेली १०० डॉलरची मर्यादा मान्य केली होती.

म्हणून तुमचा सर्वांत जवळचा रस्ता बँकेतून जातो. कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत मागायचे, त्याला चार्जबॅक म्हणतात. विक्रेत्याला मेल करा, वस्तू परत द्यायची तयारी लेखी दाखवा, आठवडाभर वाट पाहा आणि मग कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘डिस्प्यूट’ दाखल करा. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत यासाठी साधारण १२० दिवस असतात, पण बँकेची मुदत कमी असू शकते म्हणून महिन्याच्या आत उरका. फॉर्मवर कारण ‘माल खराब अवस्थेत मिळाला’ हेच द्या. घाईत ‘फसवणूक’वर खूण केली की बँक विचारते, ओटीपी तुम्हीच दिलात ना? आणि प्रकरण तिथेच मिटतं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार पटला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीला करता येते. मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीर माल विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांना २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत : तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. पण ज्याचं भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही, त्याच्याकडून आयोगाचा आदेश वसूल करणं फार अवघड जातं. म्हणून आयोग आधी नको, बँक आधी. सुरुवातीला सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : भावाने कुवेतहून घरपोच कार्गोने ५५ इंची टीव्ही पाठवला. घरात लग्नाची गडबड होती, म्हणून बारा दिवसांनी उघडला. काच वरून गुळगुळीत आहे, पण चालू केल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा दिसते. एजंट म्हणतो मुदत संपली. (खेड)

मुदत संपलेली नाही. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या बिलांना बहुधा हेग नियमांचा, म्हणजे जहाजी मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, आधार असतो. त्यांत न दिसणाऱ्या मोडतोडीची सूचना तीन दिवसांत द्यायची असते. ती चुकली तर माल धड पोचला असं गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं, इतकंच. दावा मात्र डिलिव्हरीपासून एका वर्षात लावावा लागतो, ते वर्ष गेलं की काही उरत नाही. विमानातल्या मालाचे १४ दिवस आणि जहाजातल्या मालाचे तीन दिवस यांत हा मोठा फरक आहे, आणि एजंट तो सांगत नाहीत.

तुम्ही वर्णन केलेली तडा आतल्या पॅनेलची आहे. टीव्ही आडवा ठेवून वर ओझं रचलं, किंवा खोक्याच्या मधोमध दाब आला की बाहेरची काच शाबूत राहते आणि आतली तडकते. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मधे खळगा किंवा दोरीचा वळ असेल तर तोच तुमचा भक्कम पुरावा आहे. तो खोका गोठ्यात किंवा माळ्यावर टाकू नका.

भावाकडून तीन कागद मागवा : कार्गोची पावती (हाउस बिल), सामानाची यादी त्यात लिहिलेल्या किमतीसह, आणि विम्याचे पैसे घेतले असतील तर त्याचा पुरावा. बिलाच्या मागे दाव्याच्या अटी बारीक अक्षरात असतात, त्या वाचा. न्हावा शेवाहून खेडपर्यंत ट्रकने माल आणणाऱ्यावर दावा करायचा असेल तर रस्ता वाहतूक अधिनियम २००७ नुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देणं सक्तीचं आहे. करार भावाने केला असला तरी त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारे तुम्हीही कायद्याने ग्राहक ठरता, त्यामुळे इथल्या एजंटाविरुद्ध तक्रार तुमच्या नावाने होऊ शकते.

पुढच्या वेळी टीव्ही उभाच ठेवून आणायला सांगा आणि ट्रकवाला दारात असतानाच चालू करून बघा. इन्व्हर्टरवर दोन मिनिटं पुरतात.

प्रश्न : टपालाने मागवलेले इअरफोन अडीच महिने झाले तरी आले नाहीत. ट्रॅकिंग मुंबईत थांबलं आहे. (गुहागर)

टपालाला वर सांगितलेला मॉन्ट्रियल करार लागू होत नाही. इथे जागतिक टपाल संघाचे नियम चालतात आणि चौकशी पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांत करावी लागते. भरपाईचा पहिला हक्क पाठवणाऱ्याचा असतो, म्हणून विक्रेत्याला त्याच्या देशाच्या टपाल खात्यात चौकशी टाकायला आजच सांगा. तुम्ही गुहागरच्या टपाल कार्यालयात ट्रॅकिंग क्रमांकासह लेखी तक्रार द्या. मुंबईत थांबलेलं पार्सल अनेकदा हरवलेलं नसतं, ते बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात सीमाशुल्कासाठी बिल किंवा ओळखपत्र मागून थांबलेलं असतं. ते पत्र वाडीच्या पत्त्यावर पोचलंच नसेल, असं होतं. क्रमांकच नसलेलं साधं पाकीट असेल तर टपालाकडून काही मिळणार नाही, कार्डाचा रस्ता धरा.

एक सवय लावून घ्या. परदेशी पार्सल घेताना लेबलावरचं वजन वाचा आणि टपाल कार्यालयातल्याच काट्यावर ठेवायला सांगा. वाटेत खोका कापून वस्तू काढली असेल तर वजनातला फरक शंभर फोटोंपेक्षा जास्त बोलतो.

प्रश्न : स्कुबाच्या व्यवसायासाठी पाण्याखालचा कॅमेरा मागवला. केस तडकलेली आली. सीमाशुल्क भरून बसलो. व्यवसायाची वस्तू म्हणून ग्राहक आयोग तक्रार घेणार नाही का? आणि शुल्क परत मिळेल का? (मालवण)

तुम्ही स्वतः राबून त्यावर पोट भरत असाल तर स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट मांडा. दहा माणसं कामाला असलेलं केंद्र असेल तर मात्र अडचण येईल. ओरोसला सिंधुदुर्ग जिल्हा आयोग आहे.

शुल्काचं उत्तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६-अ मध्ये आहे. माल सदोष किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, आणि माल सोडल्याच्या आदेशापासून ३० दिवसांत तो परत निर्यात केला, सीमाशुल्काच्या हवाली केला किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट केला, तर शुल्काचा परतावा मागता येतो. वाजवी कारण असेल तर आयुक्त ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकतात. अट अशी की दोष कळण्यापुरता सोडून कॅमेरा वापरलेला नको, दुरुस्त केलेलाही नको. लोक इथेच चुकतात : आधी मालवणातच केसला सील लावून घेतात आणि मग परतावा मागतात. परत पाठवताना साध्या पार्सलने पाठवू नका. कुरिअरला बिल ऑफ एंट्रीची (माल आयात करताना सीमाशुल्काकडे भरलेल्या कागदाची) प्रत देऊन ‘पुनर्निर्यात’ म्हणून कागद करायला सांगा. तो कागद नसेल तर तीच वस्तू परत गेली हे दाखवता येत नाही.

प्रश्न : टॅब्लेटची बॅटरी फुगलेली आली. वस्तू परत पाठवल्याशिवाय पैसे देणार नाही, असं विक्रेता म्हणतो. (अलिबाग)

पाठवू नका. खराब झालेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने नेण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनीच मनाई आहे. ती खोटं लिहून कुरिअरला दिली तर आगीचा धोका तर आहेच, जबाबदारीही तुमच्यावर येईल. कुरिअरकडून ‘ही वस्तू घेऊ शकत नाही’ असा मेल मागवा, फुगवट्याचे बाजूने काढलेले फोटो जोडा आणि विक्रेत्याला कळवा की परत पाठवणं शक्य नाही, पैसे द्या. बँकेच्या डिस्प्यूटमध्येही हाच मेल लावा, म्हणजे ‘ग्राहकाने वस्तू परत केली नाही’ हा आक्षेप टिकत नाही. तोवर टॅब्लेट चार्ज करू नका, दाबू किंवा टोचू नका. घराबाहेर कोरड्या जागी पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवा.

प्रश्न : परदेशातून मोपा विमानतळावर उतरलो. चेक-इन बॅगेतला टॅब फुटला, घरी आल्यावर कळलं. (सावंतवाडी)

बॅगेतल्या सामानाची मोडतोड सात दिवसांत लेखी कळवावी लागते, कार्गोसारखे १४ दिवस मिळत नाहीत. विमानतळावर पीआयआर फॉर्म (सामानाच्या तक्रारीचा फॉर्म) भरला नसेल तर विमान कंपनीला आज मेल करा. सोबत बोर्डिंग पास, बॅगेच्या टॅगचा क्रमांक, फोटो आणि खरेदीचं बिल लावा. इलेक्ट्रॉनिक वस्तू चेक-इनमध्ये ठेवू नका असं तिकिटाच्या अटींत असलं, तरी मॉन्ट्रियल करारात ठरलेली जबाबदारी विमान कंपनीला अशा अटीने काढून टाकता येत नाही. प्रवाशामागे सामानाच्या भरपाईची मर्यादा सध्या १,५१९ एसडीआर आहे आणि ती वजनावर मोजत नाहीत, त्यामुळे टॅबची किंमत त्यात सहज बसते.