जावास्क्रिप्टमध्ये ९, ४०, १००, ५ ही अ‍ॅरे (मूल्यांची यादी) सॉर्ट केली, म्हणजे क्रमाने लावली, तर १००, ४०, ५, ९ असं का येतं?

कोड चुकलेला नाही. सॉर्टच्या कंसात काही दिलं नाही, तर तो प्रत्येक घटकाची आधी स्ट्रिंग (मजकूर) करतो आणि शब्दकोशासारखं पहिल्या अक्षरापासून लावत जातो. १०० ची सुरुवात १ ने, म्हणून तो पुढे, ९ शेवटी.

उपाय एवढाच: कंसात तुलनेचं फंक्शन द्या. ते ए आणि बी हे दोन घटक घेतं, ए वजा बी परत देतं. उत्तर ऋण आलं तर ए आधी, धन आलं तर बी आधी. उतरता क्रम हवा असेल तर बी वजा ए. इथे बरेच जण 'ए बीपेक्षा मोठा' एवढंच परत पाठवतात. कृपया तसं करू नका! ट्रू (खरं) म्हणजे १, फॉल्स (खोटं) म्हणजे ०; ऋण उत्तर कधी येतच नाही आणि क्रम बिघडतो.

आणखी एक, सॉर्ट मूळ अ‍ॅरेच बदलतो. ती जपायची असेल तर जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीत आलेला टू-सॉर्टेड वापरा, तो क्रम लावलेली नवी अ‍ॅरे देतो.

मराठी नावांसाठी मात्र लोकेल-कम्पेअरच (भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारं फंक्शन) घ्या. युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये तो ह च्या नंतर न येता व च्या आधी येतो.