गोवराचा विषाणूही तेवढ्याच चुका करतो

प्रश्न असा आहे: गोवराची लस लहानपणी दोनदा घेतली की बहुतेकांना जन्मभर पुरते, मग फ्लूची दरवर्षी का टोचून घ्यायची? फ्लूचा विषाणू जास्त हुशार असतो का? यावर सहसा ‘गोवराचा विषाणू बदलत नाही’ असं ठोकून दिलं जातं. मीही बरीच वर्षं तेच सांगायचो. ते चूक आहे.

आधी ‘हुशार’ हा शब्द बाजूला ठेवू. विषाणू म्हणजे एक बंद पुडी. आत जनुकीय मजकूर, बाहेर प्रथिनांचं वेष्टण आणि फ्लू-गोवरासारख्यांना वरून मेदाचा पापुद्रा. पेशीबाहेर ही पुडी काहीच करत नाही.

फ्लूचंच बघा. त्याच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन घशातल्या पेशीवरच्या एका साखरेला, म्हणजे सायलिक अ‍ॅसिडला चिकटतं आणि पेशी स्वतःच त्याला गिळते. गिळलेल्या गोष्टी पचवायला पेशी त्या पिशवीत आम्ल वाढवत नेते. नेमकं तेच आम्ल लागल्यावर हिमॅग्लुटिनिन घडी मोडून उलगडतं, पापुद्र्याला पापुद्रा जुळतो आणि जनुकीय मजकुराचे, म्हणजे आरएनएचे, 8 तुकडे आत सांडतात. कुलूप विषाणूने फोडलं नाही, घरमालकानेच उघडलं.

पुढची चोरी मला सगळ्यात आवडते. पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने, म्हणजे रायबोसोम, वाटेल त्या आरएनएवरून प्रथिन बनवत नाहीत. संदेशाच्या टोकाला पेशीची खास टोपी आहे ना, हे बघतात. म्हणून फ्लूचं एन्झाइम पेशीकेंद्रकात शिरून पेशीच्याच संदेशांच्या टोप्या कापतं आणि आपल्या संदेशांना लावतं. दुसऱ्याच्या पत्रावरचा सरकारी शिक्का कापून आपल्या अर्जाला चिकटवावा, तसं. तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना त्याच सायलिक अ‍ॅसिडला अडकतात. तो धागा विषाणूचं न्यूरामिनिडेज हे एन्झाइम कापतं. ऑसेल्टामिविर ही गोळी हीच कात्री बोथट करते, म्हणून ती पहिल्या 48 तासांत घेतली तर उपयोग जास्त.

आता चुकांकडे. फ्लूचा मजकूर साधारण 13,500 अक्षरांचा आणि नकलाकार एन्झाइम लिहिलेलं परत तपासत नाही. ढोबळमानाने प्रत्येक नकलेत एखादी चूक धरा. बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात, पुडी निकामी होते. पण एखादी चूक हिमॅग्लुटिनिनच्या शेंड्यावर होते, जिथे आपली प्रतिपिंडं धरतात. पकड सुटते आणि पेशीला चिकटण्याचं काम मात्र चालू राहतं. ज्या समाजात बहुतेकांकडे जुनी प्रतिपिंडं आहेत, तिथे हीच नक्कल फोफावते. कुणी काही ठरवलेलं नसतं, चाळणीतून जे उरलं ते उरलं.

गोवराचाही मजकूर आरएनएचाच, जवळपास 16,000 अक्षरांचा, आणि त्याचा नकलाकारही तपासणी करत नाही. चुका त्याच मापाच्या. तरी 1954 साली एका मुलाच्या शरीरातून मिळालेल्या विषाणूपासून बनलेल्या लशी आजही चालतात. कारण प्रतिपिंडं त्याला एकाच वेळी अनेक जागी धरतात आणि त्यातल्या काही जागा पेशीला पकडण्यासाठी त्याला स्वतःलाच लागतात. तिथे बदल झाला तर प्रतिपिंडही सुटतं आणि पेशीही. प्रयोगशाळेत त्याच्या बाहेरच्या प्रथिनांत मुद्दाम जादा तुकडे घुसवून पाहिले, तेव्हा विषाणू तगलाच नाही. फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनने मात्र असे काही तुकडे पचवले.

उलट उदाहरण कोरोनाचं. त्याच्या 30,000 अक्षरांच्या मजकुरासाठी तपासनीस एन्झाइम आहे, दर अक्षरामागे चुका कमी. तरी नवनवे प्रकार आलेच, कारण नकला अफाट झाल्या आणि पेशीला चिकटणारं त्याचं काट्यासारखं प्रथिन बदललं तरी चालून गेलं. तेव्हा चुका किती होतात यापेक्षा कोणती चूक खपते, हे बघायचं.

फ्लूकडे आणखी एक सोय आहे. 8 सुटे तुकडे असल्यामुळे एकाच पेशीत दोन जातींचे फ्लू शिरले तर पत्ते पिसल्यासारखी अदलाबदल होते. 1957, 1968 आणि 2009 च्या साथी अशाच मिश्र विषाणूंच्या.

आजारी कशाने पडतो, याचं एक उत्तर नाही. पोलिओ चेतापेशी स्वतः मारतो. हिपॅटायटिस बी यकृतपेशींना सहसा थेट मारत नाही. त्यांना मारायला आपल्याच रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी-पेशी येतात. फ्लूतली अंगदुखी बरीचशी आपल्याच इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची. गोवर मात्र डोळ्यांनी बघण्यासारखा: काचपात्रातल्या पेशींचा सपाट थर दोन-तीन दिवसांत एकमेकांत वितळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाच राक्षसी पेशीत डझनावारी केंद्रकं दिसतात. विषाणूचं प्रथिन शेजारच्या भिंती पाडत जातं.

आता दरवर्षीच्या सुईबद्दल. लशीत कोणते फ्लू घालायचे याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात करते, कारण लस बनवायलाच सहाएक महिने लागतात. तेवढ्यात विषाणू आणखी सरकतो आणि एखाद्या वर्षी जोडी नीट जमत नाही. मी तरीही घेतो. अर्धवट जुळणारं प्रतिपिंडही काही जागी धरतंच.