एका ओळीचे उत्तर लिहू नकोस

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

पंचायत सचिव म्हणून रुजू होताच सरपंचांचे मानधन आणि प्रवास भत्त्याची देयके मागणारा अर्ज तुझ्या टेबलावर आला, आणि ‘माहिती वैयक्तिक आहे’ एवढे लिहून तो निकाली काढावा असे तुला कुणी सुचवले, हे पत्रातून कळले. तसे करू नकोस.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची सूट देणाऱ्या कलमात, नोव्हेंबर २०२५ पासून बदल झाला आहे. पूर्वी त्या कलमाखाली नकार देताना, मागितलेल्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, असे दाखवावे लागे; आता ती अट उरलेली नाही, म्हणून नकार सोपा झाल्याचा समज कचेऱ्यांत रुजतो आहे. कलम ८(२) मात्र जसेच्या तसे आहे आणि हानीपेक्षा लोकहित मोठे असल्यास माहिती देण्याची मुभा ते आजही देते. (केंद्राच्या आधी, १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या गोव्यात हे विसरले जावे, याचे मला वाईट वाटते.)

पंचायतीच्या तिजोरीतून गेलेला पैसा कुणाच्या घरचा नव्हे. म्हणून देयकावरील रक्कम, तारीख, प्रवासाचे कारण आणि मंजुरीची सही द्यावी. बँक खाते, आधार व पॅन क्रमांक, घरचा फोन, आजाराचे नाव झाकावे. कलम १० त्यासाठीच आहे. झाकताना मूळ कागदाला हात लावू नकोस: झेरॉक्सवर काळ्या मार्करने ओळ खोड आणि त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढ, कारण पहिली प्रत उजेडात धरली तर खोडलेले आकडे सहज वाचता येतात.

सरपंच रागावतील. त्रयस्थ पक्षाने (अर्जदाराखेरीज इतर कुणी, इथे सरपंच) गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करायची असेल, तर अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतात, पण मानधन त्या प्रकारात बसत नाही, आणि बसले असते तरी निर्णय तुझाच असता. प्रत्येक खोडलेल्या ओळीचे कारण उत्तरात नोंदव. अपील गेलेच तर गट विकास अधिकारी आधी तेच वाचतील.

तुझा हितचिंतक