सरकारच्या हाती खोडरबर नको

तुझा मेल वाचला, ऑनलाइन अफवा रोखण्यासाठी सरकारला मजकूर पुसण्याचा अधिकार द्यावा का, या विषयावरच्या निबंधाचा सोबतचा मसुदाही वाचला. पहिल्या पानावर राईनपाडा, दुसऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ आणि तिसऱ्यावर 'दोन्हींचा समतोल साधला पाहिजे'. अगं, समतोल कशाचा? दोन्ही बाजू पटतात म्हणून झोप उडाली आहे, असं लिहिलं आहेस. ते मला आवडलं. पण झोप उडाली म्हणून कुंपणावर जाऊन बसायचं नसतं.

राईनपाड्यापासूनच सुरू करू, कारण तुझं मन तिथे अडकलं आहे आणि अडकायलाच हवं. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं बाजाराचं गाव. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी. पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर ज्या क्लिप फिरत होत्या, त्यातली एक मूळची कराचीतली, बालसुरक्षेच्या जाहिरातीची. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात, मग परत आणून सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि क्लिप पुढे ढकलली. खोटं एक अक्षर घालावं लागलं नाही, खरं तेवढं खोडलं की काम झालं. हे डोक्यात ठेव, पुढे लागेल.

'मग सरकारने हातावर हात ठेवून बसायचं का?' हा तुझा प्रश्न. कोण म्हणतं बसा? त्याच जुलैत केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला खडसावलं आणि महिना संपायच्या आत कंपनीने भारतात फॉरवर्डवर पाचाची मर्यादा आणली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं केलं. असे मेसेज सत्तर टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. आता बघ, यात मेसेज खरा की खोटा हे कुणी तपासलं? कुणीच नाही. एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येत नसल्यामुळे, तपासताही येत नव्हतं. फक्त वेग कमी केला. सरकारने असा दबाव जरूर आणावा, कायदा करून आणावा. माझं भांडण फक्त एका गोष्टीशी आहे: ज्याच्याविषयी बोललं जातंय, त्यालाच ते बोलणं पुसण्याचा अधिकार नको.

तू म्हणशील, सरांचं तेच तेच सुरू झालं. हो, झालं. कारण तेच तेच पुन्हा पुन्हा घडतं.

६६अ आठवतं ना? नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. कायद्यात शब्द होते 'त्रास', 'गैरसोय', आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. याचिका करणारी श्रेया सिंघल निकाल लागला तेव्हा कायद्याची विद्यार्थिनीच होती, तुझ्यासारखी. (ती समतोलावर निबंध लिहीत बसली नाही, एवढंच सुचवतो.) पुन्हा २०२३ मध्ये नियम आले: केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे का, हे केंद्राचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार. त्याने खोटा ठरवलेला मजकूर कंपनीने ठेवला, तर कलम ७९ चं संरक्षण, म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याची सवलत, जाणार. कंपनी काय करेल? तुझ्या चार ओळींसाठी कोर्टाची पायरी चढेल? काढून मोकळी होईल. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांच्या मताने तो नियम रद्द झाला.

मी इतका हट्टी का, ते सांगतो. मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट. एका वस्तीत नळाला गढूळ पाणी, घरटी कावीळ. आमच्या वार्ताहराने बातमी दिली, मी लावली. दुसऱ्या दिवशी संबंधित कार्यालयाचं पत्र आलं. जावक क्रमांक, गोल शिक्का, लफ्फेदार सही. 'सदर वृत्त वस्तुस्थितीस धरून नसून जनमानसात घबराट निर्माण करणारे आहे.' मी खुलासा छापला, शब्दही न कापता, त्याच पानावर. पण त्यांना खुलासा नकोच होता. बातमी चुकीची होती असं आम्ही लिहून द्यावं, हा आग्रह होता. मी नाही दिलं. जाहिराती थांबल्या, मग त्या पोराचं मानधन थांबलं, मग तो पेशाच सोडून गेला. पुढे पाण्याच्या नमुन्याचा अहवाल आला, पिण्यास अयोग्य. तेव्हा मात्र कुठल्याच कार्यालयाचं पत्र आलं नाही. त्या पोराची खंत मला अजून आहे. बातमीची नाही. लिहून देऊन त्याची नोकरी वाचवायला हवी होती, असं म्हणणारे भेटतात. मी त्यांना विचारतो, वस्तीतल्या लोकांनी मग पाणी कुणाच्या भरवशावर प्यायचं? अंक सकाळीच घरोघरी गेला होता, म्हणून ती बातमी जगली. त्या साहेबांकडे खोडरबर असतं, तर दुपारपर्यंत ती नव्हतीच.

म्हणून सरकारने खुलासा करावा, शंभर वेळा करावा, पीआयबी या आपल्या माहिती कार्यालयाकडून करावा, गावच्या भोंग्यावरून करावा. राईनपाड्यात तेच हवं होतं: आदल्या आठवड्यात पोलिसांनी गावोगाव जाऊन ठणकावून सांगणं की अशी टोळीबिळी काही नाही. खुनासाठी कायदा होताच. माझ्या तत्त्वाने ते पाच जण वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण दिल्लीतल्या शिक्क्याने वाचले असते, हा दावा तूही करू नकोस. बाजारातल्या त्या जमावाने कुठलं संकेतस्थळ उघडून बघितलं असतं?

मसुद्यात काय बदलायचं ते ऐक. युरोपचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा नीट वाच. त्यात मोठ्या कंपन्यांना आपल्या यंत्रणेतले धोके स्वतः तपासावे लागतात, जाहिरातींची नोंद खुली ठेवावी लागते, संशोधकांना डेटा द्यावा लागतो. चुकलं तर जगभरच्या उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. त्याच्या शेजारी सिंगापूरचा २०१९ चा कायदा ठेव. तिथे मंत्रीच मजकूर खोटा ठरवून दुरुस्तीचा आदेश काढतो, कोर्ट नंतर. मलेशियाने २०१८ मध्ये खोट्या बातम्यांविरुद्ध कायदा केला आणि सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये स्वतःच मोडीत काढला. कालचे आरोपी आज खुर्चीत बसले की शहाणपण येतं, पण दरवेळी येईलच असं नाही. आणि आपल्याकडचे २००९ चे ब्लॉकिंगचे, म्हणजे इंटरनेटवरचा मजकूर रोखण्याचे, नियम काढ, सोळावा नियम बघ, गोपनीयतेचा. काय पुसलं आणि का पुसलं, हेच गुपित. तुझ्या निबंधात त्यावर एक ओळ नाही, याचा मला खरा राग आला.

तिसरं पान फाडून टाक आणि रविवारपर्यंत नवीन पाठव. 'सरकारने कठोर पावले उचलावीत' हे वाक्य पुन्हा दिसलं तर मी तिथेच थांबेन. कोणतं पाऊल, कुणाच्या पायाचं आणि कुणाच्या अंगणात, ते लिही.